चाकाखालचं लिंबू

भूतखेत, नजर, उतारा यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी गॅरेजवाला माणूस... आवाज आला की बोनेट उघडून तो कुठून येतोय ते बघायचं, एवढंच मला कळतं. तेव्हा हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. पहिल्या वेळी मीही हसलोच होतो.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. नगरला नागापूरच्या रस्त्यावर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं — दादाचं — गॅरेज होतं. राजूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर फिरता दवाखाना चालवायचा म्हणून एका डॉक्टरबाईंनी लिलावात मिलिटरीची जुनी फोर-व्हील गाडी घेतली. तिच्यावर आम्ही बंद बॉडी चढवली, आत बाकडी आणि औषधांचं कपाट बसवलं. गाडी चालवायला दादाच जाणार होता.

घोडं अडलं ते टायरवर. चारही चाकांना इंजिनाचा जोर जातो, म्हणून चारही टायर एकाच मापाचे हवेत, इथपर्यंत आमचं एकमत होतं. पण माप कुठलं? दादाला साडेसातशे-सोळाचे मोठे टायर हवे होते, चिखलाला आणि दगडांना उंच गाडी बरी म्हणून. मी म्हणत होतो सहाशे-सोळाचे लहान. बॉडीमुळे गाडी आधीच वरच्या बाजूला जड झालेली, त्यात मोठा टायर वळताना मडगार्डला घासणार. दादाने मला वेड्यात काढलं. थोरला तो, चालवणार तो... मोठे टायर बसले.

वहिनीने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि रिवाजाप्रमाणे चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. दादाने गाडी पुढे घेतली. तीन लिंबांचा चेंदामेंदा झाला. पुढच्या डाव्या चाकाखालचं मात्र अख्खं! चाक त्याच्यावरून जाताना मी स्वतः पाहिलं होतं. सालीवर धुळीत टायरची नक्षीसुद्धा उमटली होती, पण रसाचा थेंब नाही. खाली सपाट कोबा, खड्डा-बिड्डा काही नाही. लिंबू दाबून पाहिलं तर पिकलेलं, मऊ.

"या चाकावर वजनच नाही वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या हसल्या, मीही हसलो. वहिनी तेवढी हसली नाही.

थोड्याच दिवसांनी राजूरच्या पुढच्या घाटात, भर दुपारी... मी दादाच्या शेजारीच बसलो होतो. वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि टायर मडगार्डला घासून अडकला. गाडी पुरती वळलीच नाही. ब्रेक लागला, पण कडेची माती ढासळली. मी उतरून पुढे गेलो. पुढचं डावं चाक दरीवर, हवेत होतं. अजून हळूहळू फिरत होतं. मागच्या चाकांच्या जोरावर दादाने गाडी कशीबशी मागे काढली. मला मात्र बाईंचं ते वाक्य आठवत राहिलं.

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. चूक मापाची होती आणि माप माझ्या हातात होतं. परत आल्या आल्या चारही टायर उतरवले, सहाशे-सोळाचे चढवले. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. मडगार्ड आणि टायरमध्ये आरामात हात जात होता. आता कुठे जिवाला बरं वाटलं.

वहिनीने पुन्हा लिंबं आणली. या वेळी ती मीच ठेवली, पातळ सालीची, पिवळीधमक. बाई मागे औषधं लावत होत्या. दादाने गाडी पुढे घेतली. मी वाकून पाहिलं.

चारही अख्खी.

केबिनमधून दादाला खालचं काही दिसत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर तो तसाच घाटाच्या वाटेला लागला असता.

"फुटली का रं?" त्याने विचारलं.

"न्हाई."

"किती ऱ्हायली?"

"एकबी फुटली न्हाई, दादा."

इंजिन बंद झालं. दादा उतरला, चारही लिंबं बघितली आणि किल्ली बाईंच्या हातात ठेवली. "बाई, तुमी दुसरी गाडी बघा. हिच्यात मी बसत न्हाई, आन् तुमालाबी बसू देनार न्हाई."

बाई चिडल्या. शिकलेल्या माणसांनी लिंबाला भ्यायचं का, असं बरंच बोलल्या. बोलता बोलता त्यांनी एक लिंबू उचललं, बोटांनी दाबलं आणि हळूच खाली ठेवलं. पुढे त्यांनी भाड्याची जीप केली.

ती गाडी आमच्या आवारात गंजत पडली. शेवटी भंगारवाला आला. साखळ्या लावून त्याने ती ट्रकवर चढवली. फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिचं एकही चाक जमिनीला लागत नव्हतं.

"त्या चार लिंबांचं म्हननं ह्येच आसंल रं," दादा म्हणाला.

हेच असावं, असं मलाही वाटून घ्यायचं आहे. दादा पुढे म्हातारा होऊन, घरात, अंथरुणावर गेला. वजन, रबर, हवेचा दाब, सगळं मांडून पाहिलं, पण त्या लिंबांचा हिशोब मला आजही लागलेला नाही. विश्वास तर नाहीच...

घरात नवी गाडी आली की पोरं अजूनही चाकांखाली लिंबं ठेवतात. तेवढा वेळ मी आत जाऊन बसतो. फुटली की नाही, ते मला कुणी सांगायचं नाही, अशी ताकीद आहे.