कुतपवेळ आणि थकलेली बस

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा माझा एक यजमान तिथून जवळच राहतो. त्याच्या वडिलांचे श्राद्ध वैशाखात येते. गेली अकरा वर्षे ते मी चालवतो आणि गेली अकरा वर्षे त्यासाठी शहर बसने जातो. यजमान दरवर्षी आदल्या दिवशी फोन करून “गुरुजी, मोटार घेऊन येतो” म्हणतो आणि मी दरवर्षी नको म्हणतो. श्राद्धकर्त्याने त्या सकाळी स्नान करून सोवळ्यात घरीच राहावे, हे एक कारण. दुसरे सांगायला संकोच वाटतो. पुरोहिताने आपल्या पायांनी वेळेवर यावे, कुणाला आणायला लावू नये, असे माझ्या गुरूंनी शिकवले होते आणि ते पाळल्याचा मला थोडा अभिमान होता.

गुरूंच्या काळी बस नव्या होत्या. आता आमच्या वाट्याला येतात त्या गाड्यांची दारे सुतळीने बांधलेली असतात, खिडकीची काच एकदा वर केली की खाली येत नाही, आणि पुढच्या बाकाखालच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून पळता रस्ता दिसतो. मी बसल्या बसल्या जप करतो. पूर्वी वाटेवरचे बाळे गाव येईपर्यंत सहा माळा होत असत. आता नऊ होतात. याबद्दल मी दोनदा अर्ज लिहिला. अर्जाची पोच मिळाली, गाडी मात्र तीच राहिली.

या वर्षी मनात एक वेगळी धास्ती होती. यजमानाची आई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि तिला मधुमेह आहे. गेल्या वर्षी श्राद्ध चालू असताना ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. मी मंत्र लगबगीने उरकले. निघताना सून हळूच म्हणाली, “गुरुजी, सकाळची गोळी त्या चुकवत नाहीत, आणि वर तुमचं सगळं होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. तुम्ही काही सांगाल का त्यांना?” पुढच्या वेळी बघू, असे मी म्हणालो. ती पुढची वेळ म्हणजे हा दिवस.

श्राद्ध दुपारच्या कुतपवेळेला सुरू व्हावे, म्हणजे सूर्य माथ्यावर येण्याच्या सुमारास. त्या हिशेबाने मी साडेनऊलाच थांब्यावर उभा होतो. बस पावणेअकराला आली. बाळ्याचा पूल ओलांडला आणि गाडीने एक मोठा आचका दिला. चालक दोन्ही हातांनी गिअरचा दांडा ओढत राहिला. गाडी तशीच घसरत कडेला गेली आणि एका बाभळीसमोर थांबली.

“क्लच गेला,” चालक म्हणाला. जणू त्याला ते सकाळपासूनच माहीत होते.

पाठीमागे कारखान्याच्या दुसऱ्या पाळीला निघालेले दोघे बसले होते. त्यांतला एक ओरडला, “अवो, परवा बी हितंच की!”

“परवाची दुसरी गाडी,” वाहक म्हणाला.

“सगळ्या तसल्याच हायत. गुरुजी, तुमी हाय तर हिचं बी पिंडदान उरकून टाका की. लई पुण्य लागंल तुमाला.”

सगळे हसले. एरवी मीही हसलो असतो. मी घड्याळ पाहिले; अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

“मागची बस किती वेळात येईल?” मी वाहकाला विचारले.

“येती की अर्ध्या तासात.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो जवळ आला. “खरं सांगू का गुरुजी? मागची आज आलीच न्हाय डेपोतनं. तुमी सावलीला बसा.”

बाभळीला सावली अशी नव्हतीच. महामार्गावरून मालमोटारी जात होत्या आणि त्यांच्या वाऱ्याने उपरणे अंगावर ठरत नव्हते. मी दोन रिक्षांना हात केला. दोन्ही भरलेल्या होत्या. मनात एकच चित्र येत होते. ती माऊली भिंतीला टेकून बसली असेल, गोळी पोटात गेली असेल, आणि वर काही नाही. क्षणाचे, म्हणजे श्राद्धाच्या भोजनाला बोलावलेले, दोन ब्राह्मण मोटारसायकलवरून केव्हाच पोहोचले असतील. तेही उपाशी असतील, पण ते तरुण आहेत. ती मात्र माझी वाट पाहत असेल, आणि मी येईपर्यंत कुणाचेही ऐकणार नाही.

का ऐकणार नाही, हे मला ठाऊक होते. पहिल्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिने मला विचारले होते, “सकाळी अर्धा कप दूध घेतलं तर चालेल का?” आणि मी म्हणालो होतो, “ब्राह्मणांचे भोजन होईपर्यंत मुखात काही नको.” तेव्हा ती धडधाकट होती. तिच्या सुनेने, मुलाने, डॉक्टरांनी नंतर काय काय सांगितले असेल. ते एक वाक्य तिने सोडले नाही.

उन्हात उभे राहून मला जे आठवले ते मी पाठशाळेत बालवयातच शिकलो होतो. पाणी, कंद, फळ, दूध, औषध आणि गुरूचा शब्द, यांनी व्रत मोडत नाही. पन्नास वर्षे मी ते विद्यार्थ्यांना अर्थासह शिकवले. तिला एकदाही सांगितले नाही. तिने पुन्हा विचारले नाही म्हणून मीही सांगितले नाही. आणि गेल्या वर्षी तर सुनेने विचारले होते.

मी वाहकाकडे गेलो. “बाबा, तुझा फोन देतोस का? एका म्हातारीच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“तुमचा कुटं गेला?”

“श्राद्धाच्या दिवशी मी तो घरी ठेवतो.”

त्याने खिशातून फोन काढून दिला. यजमानाचा नंबर मला पाठ नव्हता. तो घरी पंचांगाच्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता. मी घरी फोन लावला. आमच्या मंडळींनी चष्मा शोधला, मग पंचांग शोधले, मग नंबर सांगितला; मी तो मोठ्याने म्हणत गेलो आणि वाहकाने तिकिटाच्या पाठीवर उतरवला. यजमानाकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. दुसऱ्यांदा लावला. त्या दोन मिनिटांत माझ्या तोंडून एकही नाम उच्चारले गेले नाही, हे नंतर लक्षात आले.

शेवटी यजमानाचा आवाज आला. “गुरुजी! कुठे आहात? आईला घाम सुटलाय. साखर तोंडात घाल म्हणतोय, तर दात घट्ट मिटून बसलीये.”

“बाळ्याच्या पुढे बस बंद पडली आहे. फोन तिच्या कानाला लाव,” मी म्हणालो.

खुडबुड झाली. मग तिचा श्वास ऐकू आला.

“आई, मी गुरुजी बोलतो आहे. दूध घ्या. साखर घालून, आत्ता, माझ्यासमोर.”

“ब्राह्मणांची पानं व्हायचीत अजून,” ती म्हणाली. आवाज फार लांबून यावा तसा होता.

“दुधाने मोडत नाही. औषधाने मोडत नाही. आणि मी सांगतो आहे म्हणून मोडत नाही. घ्या.”

पेला भांड्याला लागल्याचा आवाज आला. सून म्हणत होती, “हळू, हळू.” मग यजमान पुन्हा फोनवर आला. “घेतलं, गुरुजी. अर्धा पेला घेतला. बाळ्याच्या पुढे ना तुम्ही? मी निघालो.”

“पुन्हा स्नान करावे लागेल तुला.”

“करीन की!”

वाहकाने फोन परत घेतला. त्याने मला बसच्या पायरीवर बसवले आणि आपली बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही. तहान लागली नव्हती असे नाही. मघाशी चेष्टा करणारा कामगार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “प्याली का म्हातारी?” त्याने विचारले. मी मान हलवली. “मग झालं,” तो म्हणाला आणि ऊन अडवत तिथेच थांबला.

पंधरा मिनिटांनी यजमान आला. सोवळे नेसलेला, उघड्या अंगावर पंचा टाकलेला, अनवाणी, मोटार चालवत. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. मी निमूटपणे आत बसलो.

घरी पोहोचलो तेव्हा कुतपवेळ सरत आली होती. पुढे अपराह्ण होता, त्यामुळे कर्माला बाध नव्हता. म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. ओठांवर दुधाची पांढरी रेघ तशीच होती, पण हात स्थिर होते. यजमान स्नानाला गेला. मी तिच्यापाशी जाऊन बसलो.

तिने माझ्याकडे पाहिले. मग विचारले, “दुधाने मोडत नाही, हे शास्त्रात आधीपासून होतं, की आता नवं निघालंय?”

“आधीपासून होतं,” मी म्हणालो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने फक्त मान डोलावली, जशी माझा विद्यार्थी चुकीचे पाठांतर म्हणे तेव्हा मी डोलवत असे. ऐकले, इतकेच सांगण्यासाठी.

“ह्यांना गोड दूध फार आवडायचं,” ती म्हणाली. “दरवर्षी त्या दिवशी मला त्याचीच आठवण यायची, आणि तेच घ्यायचं नाही. मी म्हणायचे, असेल काही त्यात.”

आतून यजमानाची हाक आली. तो ओल्या अंगाने पाटावर येऊन बसला होता. मी उठलो. संकल्पाचे शब्द सुरू करायला मला त्या दिवशी वेळ लागला, आणि पाटावर बसलेला मुलगा हातात पाणी धरून वाट पाहत राहिला.