नैवाशाच्या काठी राखण

चंद्रपूरच्या स्टँडवर नागपूरची बस लागली आणि सरिता थेट शेवटच्या सीटवर जाऊन बसली. पाठीशी भिंत नाहीतर निदान बसचा पत्रा असल्याशिवाय माझी बायको हल्ली कुठेच बसत नाही. नागपूर येईपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली. पण आफ्रिकेला निघालेल्या माणसानं कुरकुरायचं नसतं.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावात मोहफुलं वेचायची एक रीत आहे. एकीनं वाकून वेचायचं, दुसरीनं तिच्या पाठीमागे उभं राहून राखण करायची. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं. मागच्या मोसमात शेजारची शांताबाई वेचत होती आणि राखणीला सरिता होती. वाघ आला तो तिला वेळेवर दिसलाच नाही. त्यानं झडप घातल्यावर तिनं ओरडून त्याला हुसकावलं, शांताबाई वाचली, पण तिचा उजवा खांदा कामातून गेला. तेव्हापासून सरिता तलावाच्या पाळीपलीकडे गेली नाही, शांताबाईच्या दारातही नाही. पूर्वी पहाटे माझ्याआधी उठून पाखरं बघायला निघणारी ही बाई घरात कोंडून बसली, हे मला सोसवत नव्हतं.

नैरोबीत नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "बाबा, आईला घेऊन या. नैवाशा तलावातल्या बेटावर पायी फिरता येतं. वाघ-सिंह काही नाही तिथे."

नैवाशाला सकाळी स्वेटर लागतो, हे चंद्रपूरकरांना खरं वाटणार नाही. काठावर पिवळ्या सालीच्या उंच बाभळी, पाण्यावर झोळीवाल्या पेलिकन पक्ष्यांचे थवे. मुलगा सोबत होता आणि नाव चालवणारा कमाऊच आमचा वाटाड्या होता. खुंटावर काळापांढरा खंड्या दिसताच सरिता म्हणाली, "हा तं आपल्या पाळीवरचाच हाय." वर्षभरात तिनं पाखराचं नाव काढलं ते पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला, की मी उभा राहिलो आणि नाव कलंडता कलंडता वाचली.

बेटावर ती उतरेल का, याची मला धास्ती होती. ती उतरली, पण माझी बाही धरून. जिराफ वीसेक हातांवर पाला खात होते. पाण्याजवळ कमाऊनं गवतात टिटवीची अंडी दाखवली. तो, मुलगा आणि मी वाकलो. सरिता मात्र आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"अगं, इथे वाघ नाही," मी चेष्टा केली.

"नसन. पन तुमी सारे वाकले, तं कोनी उभं राह्याले पायजे ना."

थोड्या वेळानं ती अगदी हळू बोलली, "उठा. त्या झुडपात कान हालून राह्यला."

मला काहीच दिसेना. मग झुडूपच हललं आणि किबोको (पाणघोडा) बाहेर आला. गावी जनावर दिसलं की आम्ही तलावाकडे पळतो. तिथे पाळीवर मोकळं असतं, माणसं असतात. मीही सवयीनं पाण्याकडे वळलो. कमाऊनं माझी कॉलर धरून मला बाजूला ओढलं. पाणी हेच पाणघोड्याचं घर, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. "पोले पोले (हळूहळू)," म्हणत त्यानं आम्हाला बाभळीमागे नेलं. आम्ही वाकलो होतो तिथूनच ते धूड पाण्यात गेलं.

"मामा, तुम्ही माझ्याही आधी पाहिलंत," कमाऊ म्हणाला. तिकडे आईला मामा म्हणतात. मुलानं ते मराठीत सांगितलं, तशी सरिता उघड्या गवतात मटकन बसली आणि रडली. पाठीशी तिच्या काहीच नव्हतं.

दुपारी काठावर तळलेला मासा आणि उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खाल्ली. उगालीला चव नाही म्हणून सरितानं जवसाची चटणी काढली. निम्मी कमाऊनंच संपवली.

परतलो तेव्हा मोह पडायला लागला होता. त्याच संध्याकाळी सरिता शांताबाईकडे गेली. मीही मागोमाग गेलो. पाणघोड्याची हकीकत शांताबाईनं शेवटपर्यंत ऐकली.

"मले वाटलं होतं, तू येशीनच नाई आता," ती म्हणाली. "सकाळी येतो का वावरात? मी डाव्या हातानं वेचतो. तू उभी राह्य."

सकाळी मी पाळीवरून पाहत होतो. मोहाखाली सरिता उभी होती. तिच्या पाठीमागे शांताबाई वाकून वेचत होती. टोपली भरेपर्यंत शांताबाईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.