मालखान्यातली गोधडी

स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी उचलून नेणाऱ्या बाईला तुम्ही चोर म्हणाल का? मी म्हटलं होतं, आणि तेही लेखी. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, पण तो गुन्हा अजून मनातून जात नाही.

अमरावतीत कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात एका संस्थेनं गोधड्यांचं आणि शिवणकामाचं संग्रहालय काढलं होतं. पायानं चालवायची मशिनं, दाभणं, कात्र्या आणि भिंतीवर टांगलेल्या गोधड्या. एके दुपारी तिथली एक गोधडी गेली. व्यवस्थापक फिर्याद द्यायला आले, सोबत नोंदवही. नोंद अशी: ‘शंभर वर्षं जुनी. कारागीर अज्ञात.’

फिर्याद लिहून होते न होते तोच दर्यापूरच्या जीपवाल्याचा फोन आला. “साहेब, माह्या गाडीत एक म्हातारी बसून राहिली. तिच्या गोधडीले नंबर लटकून राहिला. गोधडीले नंबर पाह्यला काय तुमी कधी?”

आम्ही जीप वाटेतच गाठली. पकडल्यावर चोर माल अंगापासून दूर ढकलतो. या बाईनं गोधडी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

ठाण्यात विचारपूस सुरू केली.

“कोणाची गोधडी?”

“माही. मी गावाले गेलती, तं सुनेनं भांडेवालीले देऊन टाकली, स्टीलच्या गंजाच्या बदल्यात. बचत गटाच्या बायांसंगं इथं पाह्याले आलो, तं भिंतीवर टांगलेली.”

“मग तिथल्या लोकांना सांगायचं.”

“सांगतलं ना. ते म्हने, आजी, हात लावू नका.”

आत काय आहे विचारलं, तर तिनं थर मोजून दाखवले. वर तिचं लुगडं, खाली नवऱ्याचं धोतर, मधोमध मुलीचा शाळेचा निळा शर्ट. मुलगी तेराव्या वर्षी तापानं गेली होती. शर्ट खिशासकट ठेवला होता.

खात्री करायची तर गोधडी उसवावी लागणार होती.

“उसवू नका साहेब. तिच्या आंगावरचं शेवटचं हाय.”

मी म्हटलं, आजी, नाहीतर तुमची आहे हे सिद्ध कसं होणार? तिनं गोधडी मांडीवर पसरली. म्हणाली, “मंग मीच उसवतो. तुमच्या शिपायाले नाही जमनार.”

दोन पंचांसमोर तिनं वीतभर टाका उसवला. लुगडं, धोतर, आणि मग निळा शर्ट. खिशावर शाळेचा बिल्ला. शंभर वर्षांपूर्वीच्या गोधडीत हा बिल्ला कुठून आला? संस्थेला गोधडी विकणारा जुन्या वस्तूंचा व्यापारी दहा मिनिटांत कबूल झाला. माल भांडेवालीकडूनच घेतला होता, शंभर वर्षं त्यानं पदरची जोडली होती.

तपास चोख झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. संस्थेनं मात्र फिर्याद मागं घेतली नाही. वस्तू त्यांच्या वहीत नोंदलेली होती आणि वहीपुढे बाईचे हात कोण पाहतो? दोषारोपपत्रात मी तिला चोर लिहिलं.

“मंग आता नेऊ?” तिनं विचारलं.

“आता हा पुरावा आहे, आजी. निकाल लागू द्या.”

गोधडी पोत्यात गेली, तोंडाला लाखेचं सील लागलं, पोतं ठाण्यातल्या जप्त मालाच्या खोलीत, मालखान्यात. खटला चालू असतानाही न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर वस्तू परत मागता येते. मला ते माहीत होतं. तिला नव्हतं. मी सांगितलं नाही. यात दुष्टपणा नव्हता. कामाच्या गर्दीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि गरिबाचं बहुतेक वाटोळं असंच होतं. पुढे माझी अकोल्याला बदली झाली.

काही वर्षांनी साक्षीला आलो. भर कोर्टात पोतं उघडलं तेव्हा आधी वाळवीची माती पडली. मग चिंध्या. आरोपीच्या पिंजऱ्यातून ती पाहत होती. मला विचारलं गेलं, हीच ती गोधडी का? मी हो म्हणालो.

ती निर्दोष सुटली. गोधडी तिला परत देण्याचा हुकूम झाला. पावतीवर अंगठा घ्यायला मी स्वतः गेलो. तिनं चिंध्या एकेक करून चाळल्या.

“याच्यात माह्या पोरीचा शर्ट कुठं हाय, साहेब?”

मी पावती पुढे केली.

“तुमीच ठेवा मंग.” ती निघून गेली. कारकुनानं विचारलं, कारण काय लिहू? आणि माझ्यासमोरच त्यानं लिहिलं: ‘नेण्यास नकार.’

कोर्टानं एका निर्दोष बाईला सोडलं आणि तिचं जे होतं ते आम्ही वाळवीला घातलं. हा कायद्याचा दोष नाही. कायद्यात वाट आहे. ती वाट माहीत असलेले आम्ही तोंड मिटून बसतो, हा दोष आहे, आणि त्याला कुठलंच कलम लागत नाही.

तुम्हाला लिहिता-वाचता येतं म्हणून मागतो. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात कोणाची सायकल, भांडं, कपडा ठाण्यात अडकलेला असेल, तर या आठवड्यात त्याच्या दारात जा. सुपूर्दनाम्याचा अर्ज तुमच्या हातानं लिहा आणि त्याच्यासोबत कोर्टापर्यंत चला.