अण्णा मुराळी होऊन गेले

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर तीन वर्षं मी नुसता वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा करमणूक म्हणून. कुणाला चकवा लागतो, कुणाला वळणावर बाई दिसते... मी बायकोला वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, या लोकांचे आधी डोळे तपासा. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. सव्वीस वर्षं माप घेण्यात गेली. गेजमध्ये बसत नाही तो माल रिजेक्ट, असा एकूण स्वभाव. तेव्हा आज मीच इथं लिहायला बसलोय याचं घरच्यांना हसू येईल. पण मनातून जात नाही, म्हणून लिहितो. जसं झालं तसंच लिहितो, वरचा मसाला काही नाही.

आम्ही संभाजीनगरला सिडकोत राहतो. गाव कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी. घरात मी, बायको सुनंदा आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. वय ऐंशी.

अण्णांना एकच बहीण, गोदाआत्या, तीन वर्षांनी मोठी. रझाकारांच्या धामधुमीत गाव उठलं तेव्हा नऊ वर्षांच्या आत्यानं सहा वर्षांच्या अण्णांना पाठुंगळी घेतलं आणि उभ्या ज्वारीतून दोन कोस चालत मामाच्या गावी नेलं. अण्णा ही गोष्ट वर्षातून एकदा तरी सांगायचे आणि सांगून झाली की उठून बाहेर जायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, दिवस पालटले. पुढं दहा-बारा वर्षांनी कोकणातले एक मास्तर गावच्या शाळेत आले आणि आत्यानं त्यांच्याशी लग्न केलं. जात वेगळी. आजोबांनी सांगून टाकलं की हिला आणायला या घरातून मुराळी जाणार नाही.

मुराळी म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगावं लागेल. सासरी गेलेल्या बहिणीला सणासाठी आणायला भाऊ जातो, तो मुराळी. तो आल्याशिवाय बहीण आपण होऊन माहेरी येत नाही, तशी रीतच नाही. आत्या दर पंचमीच्या आधी एक कार्ड टाकायची. खुशाली, आणि शेवटी 'मूळ धाडा', म्हणजे न्यायला माणूस पाठवा. आजोबा वारले तरी अण्णा गेले नाहीत. आधी लाज, मग शेतीची कामं, मग 'आता कोणत्या तोंडानं जाऊ'. दोन वर्षांपूर्वी पौषात आत्या गेली. फोन आला, तरी अण्णा मातीला गेले नाहीत. मात्र त्या दिवसापासून माणूस मिटत गेला. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं त्याहून कमी.

आणि मागच्या दसऱ्याला सोनं देऊन झाल्यावर अचानक म्हणाले, "मला समिंदराकडं न्हे. गोदीच्या गावाला."

अडचण अशी की गुडघे गेलेले आणि दर पाऊण तासाला लघवीला उतरावं लागायचं. साध्या कारनं ते शक्य नव्हतं. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिनं तिथून एक कॅम्परव्हॅन भाड्यानं ठरवून दिली. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि मुख्य म्हणजे संडास. अण्णांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, हे तर बिऱ्हाड पाठीवर झालं. किती महिन्यांनी ते काहीतरी गमतीचं बोलले होते. सुनंदाचं म्हणणं, निघालोच आहोत तर वाटेतले नातेवाईकही करून घेऊ. म्हणजे पहिला मुक्काम अलिबागला तिच्या भावाकडं, दुसरा दापोलीला माझा मावसभाऊ अरुणकडं, आणि मग पुढं गुहागरच्या अलीकडं आत्याचं घर.

रस्ता सुंदरच. एका बाजूला सुरूची झाडं, मधूनच खाडी आली की गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. मी हौसेनं अण्णांना समुद्र दाखवत होतो. ते मान हलवायचे, पण बघत नव्हते. मांडीवरची कापडी पिशवी मात्र त्यांनी अलिबागपासून सोडली नाही. दापोलीला सुनंदानं ती पिशवी सहज उघडली तर आत एक इरकल लुगडं आणि फडक्यात बांधलेली धपाटी. सुनंदानं विचारलं, अण्णा, हे कुणाला? अण्णा म्हणाले, "मुराळी रिकाम्या हातानं जातो व्हय?"

आत्या गेलीय हे त्यांना नीट ठाऊक होतं, भ्रम वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. मी पिशवी होती तशी बांधून त्यांच्या मांडीवर ठेवली.

आत्याच्या घरी तिचा मुलगा श्रीकांतदादा आणि वहिनी, दोघंच असतात. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. अंगण सारवलेलं, पडवीत आत्याचा फोटो. आम्ही आत गेलो, अण्णा गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, टोपी नीट केली, लुगडं दोन्ही हातांवर धरलं आणि घरात बघून मोठ्यानं म्हणाले, "गोदाक्का, मूळ घेऊन आलोय गं. लई उशीर केला मी. चल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या घरी, दोन वर्षांनी, हे काय! श्रीकांतदादा रडायला लागला. वहिनी पाण्याचे तांबे घेऊन येत होती, ती होती तिथंच थांबली. रागावली नाही. तांबे खाली ठेवून अण्णांजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "मामा, गेलेल्या माणसाला उंबऱ्यातून अशी हाक मारू नये. मारलात ती मारलात. आता वाटेत कुठे सोडू नका. थेट माहेरी न्या."

कोकणातल्या माणसाला हे ठाऊक असतं, आमच्या अण्णांना कुठून असणार! आमच्याकडं मुराळी उंबऱ्यात येतो, चल म्हणतो, बहीण निघते. त्यांना तेवढंच येत होतं आणि तेवढंच करायचं राहिलं होतं. ते म्हणाले, "सोडायला आलोय का मी?" मग जेवणं झाली. निघताना वहिनीनं ते लुगडं, एक नारळ आणि आमसुलाची पुडी मागच्या सीटवर खिडकीपाशी ठेवली. माहेरवाशिणीला रिकामी पाठवत नाहीत, म्हणाली. येताना अण्णा त्या खिडकीत बसले होते. परतताना ते सरकून अलीकडं बसले.

आता इथून पुढचं. दाभोळच्या खाडीवर फेरीबोटीला रांग होती. तिकिटवाल्यानं काचेतून आत नजर टाकली आणि गाडीबरोबर चार माणसांची तिकिटं फाडली. मी म्हटलं, अहो, तिघं आहोत. त्यानं पुन्हा वाकून पाहिलं, माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि एक तिकीट परत घेतलं. गर्दीत चुकतो माणूस. मी विषय सोडून दिला.

दुपारनंतर दापोलीला अरुणकडं चहाला थांबलो. त्याच्या बायकोनं पोह्यांच्या बशा आणल्या. ते दोघं, आम्ही तिघं आणि बशा सहा. तिच्याही लक्षात आलं. ओशाळून म्हणाली, खिडकीतून तुम्ही उतरताना बघितलं, चार जण मोजले, मला वाटलं आणखी कुणाला घेऊन आलात. मी हसण्यावारी नेलं. ती सहावी बशी परत न्यायला लागली तर अण्णा म्हणाले, राहू दे. गाडीत बसल्यावर सुनंदानं माझ्या हातावर हात ठेवला. मी दोन्ही गोष्टींची कारणं सांगितली... घाई, उन्हाची तिरीप, काचेतलं प्रतिबिंब. ती म्हणाली, कारणं तुम्हाला पाहिजेत, मला नकोत, तुम्ही फक्त गाडी हळू चालवा.

अलिबागला जायचं रद्द केलं. एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी थेट देवगावला पोचलो. गावातल्या घरी माझी चुलती असते, धोंडाकाकू. आम्ही येतोय हे मी तिला कळवलं नव्हतं, सुनंदानंही नाही. गाडी दारात लागली तेव्हा काकू भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावरच होती. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, त्यात नवल नाही. गाडीचा आवाज ऐकून आली असेल. तिनं अण्णांवरून ओवाळला, सुनंदावरून, माझ्यावरून. मग गाडीच्या उघड्या दारापाशी गेली, तिथल्या रिकाम्या पायरीवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला आणि म्हणाली, "लई वाळलीस गं, गोदे."

अण्णा तिथंच मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचं रडू होतं ते. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. नंतर मी काकूला गाठून विचारलंच, तुला काय दिसलं? ती म्हणाली, म्हाताऱ्यानं एवढ्या लांबून काय आणलं ते कळायला दिसावं लागतं व्हय?

अण्णा परत सिडकोत आले नाहीत. गावातल्या घरीच राहिले. मी आणि सुनंदा आळीपाळीनं जाऊन राहायचो. माणूस बदलला होता. दोन भाकरी खायचे, दुपारभर ओट्यावर बसून हळू आवाजात काहीबाही बोलत असायचे. आम्ही जवळ गेलो की थांबायचे, पण चोरी पकडल्यासारखे नाही.

आठवड्याभरानं श्रीकांतदादाच्या घरून वहिनीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, तेव्हा सांगितलं नाही, तुम्ही घाबराल म्हणून. आत्या गेल्यापासून दोन वर्षं रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तांदळाच्या नाही, आत्या करायची तशा ज्वारीच्या, परातीत जोरानं थापलेल्या. भीती वाटेनाशी झाली होती, उलट त्या आवाजानंच ते उठायचे. आम्ही निघालो त्या दिवसापासून आवाज बंद झाला. "घर खायला उठतंय, भावजी. हे जेवत नाहीत. मामांना सांगा, सणाला नेलात ते चांगलं केलात. पण माहेरवाशीण परत पाठवायची असते."

मी हे अण्णांना सांगावं की नाही यात दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "खरंय तिचं. भाऊबीज होऊ दे. मी सवता तिला तिच्या घरी घालवून येतो."

मी म्हटलं, अण्णा, माझी रजा संपलीय, गाडीही परत दिली, एवढ्यात नाही जमायचं.

"तुला कोण म्हनलं चल म्हणून?"

मला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट. भाऊबीज झाली. दोन दिवसांनी सकाळी सातच्या सुमाराला मी चहा घेऊन ओट्यावर गेलो. अण्णा खांबाला टेकून बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, पायात वहाणा. अंग अजून कोमट होतं. धाप नाही, कळ नाही, काहीच नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेत जावं तसे गेले, तुम्ही बघायच्या तास-दीड तास आधी.

काकूला उठवलं. सुनंदानं त्यांना आत घ्यायला हात लावला. अजून कुणालाही कळवलेलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही. आणि माझा फोन वाजला. वहिनी होती. आवाजात इतका आनंद होता की मला मध्ये बोलताच येईना.

"भावजी, आज पहाटेपासून स्वयंपाकघरात आवाज सुरू झाला बघा. हेसुद्धा उठून बसलेत. मामांना सांगा, आई पोचल्या म्हणावं. सुखरूप पोचल्या."

मी सगळं मोजून बघितलंय. वेळा, अंतरं, कुणी कुणाला काय सांगितलं असेल ते. कशातच बसत नाही आणि रिजेक्टही करता येत नाही. तेव्हा मी ओट्यावर उभा होतो, समोर अण्णा होते, आणि वहिनी उत्तराची वाट बघत होती. मी 'सांगतो' म्हणालो आणि फोन ठेवला.