कोपरचा बांध आणि एकेचाळीस चुलींचं मत

कोपरला जायची वेळ आली ती माझ्याच तोंडामुळे. आषाढात खाडी चढली आणि तिथला बांध फुटला. बांध पुन्हा घालून भात लावायचं, की खारं पाणी आत घेऊन मिठागरं करायची, यावर गाव चार महिने भांडत होतं. ठाण्याच्या बाजारात तिथले पाटील भेटले. मी तीन वर्षं त्या गावात मास्तरकी केलेली, त्यामुळे शहाणपण शिकवायची खोड. म्हटलं, युरोपातल्या एका डोंगराळ मुलखात असा तंटा पडला की सगळ्यांची मतं मोजतात, विषय मिटतो. पाटील म्हणाले, "मंग येवून मोजा." आली का पंचाईत!

जाणाऱ्यांसाठी सांगतो: आगगाडीच्या नादी लागू नका. ती कल्याणला नेऊन सोडते आणि तिथून कोपरपर्यंत उलटं चालत यावं लागतं. ठाण्यातल्या कोपरीच्या धक्क्यावरून भरतीबरोबर होडी धरावी, माणशी दोन आणे. प्यायचं पाणी घरून न्यावं. मी नेलं नाही. होडी चालवणाऱ्या तांडेलाने त्याच्या भाकरीसुकटीत वाटा दिला आणि वर विचारलं, "मास्तर, मतं मोजून बांद कसा बांदतात?" मी म्हटलं, आधी ठरतं, मग बांधतात. त्याने भाकरी संपवली आणि पुन्हा वल्ही धरली.

मुक्काम हिराबाईकडे. पूर्वीही मी तिच्याच ओटीवर राहत असे. आता नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि तिचं एकुलतं एक शेत बांधाला लागून. बांध झाला तर वर्षाचं भात, नाही तर शेतात खाडी. दुपारचं जेवण वाढता वाढता तिने विचारलं, "चुलीमागं एक मत ना, मास्तर? माजी चूल हाय. मंग माजं मत का नाय?"

नियम पाटलांचा होता: चुलीमागे एक मत, आणि तेही पुरुषांनीच द्यायचं. मी तिला सांगितलं की युरोपातसुद्धा बायकांना मत नाही. याने तिचं समाधान होईल असं मला का वाटलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी देवळात मडकं ठेवलं, तोंडावर फडकं. बांध हवा त्याने तांदळाचा एक दाणा टाकायचा, मिठागर हवं त्याने मिठाचा एक खडा. मीठ हातात दिलं की भांडण होतं, म्हणून टोपली खाली ठेवली; ज्याने त्याने उचलून घ्यावं. एवढा विचार केला आणि गुरवाकडे बघायचं राहिलं. त्याने मडक्याखाली पाट सरकवला, मडक्याला हळदकुंकू लावलं, शेजारी अक्षतांची वाटी ठेवली. झालं! जो येई तो आधी वाकून मडक्यात अक्षता वाही, मग मत टाकी.

मडकं उपडं केलं तर तांदळाचा ढीग आणि त्यात तेवीस खडे. पाटील ढिगाकडे बघून म्हणाले, "भात जिकला." लोकांनीही माना डोलावल्या. मडक्याने दिलं ते देवाने दिलं. दाराबाहेर हिराबाईने हात जोडले.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला मास्तर बसेना. म्हटलं, हे मत नव्हे, ही पूजा झाली, पुन्हा घ्या. वाटी उचलली, पाट काढला, एकेकाला समोर उभं करून टाकायला लावलं. तेवीस खडे, अठरा दाणे. हिराबाईची सोडून एकेचाळीस चुली, बेरीज बरोबर. मी खूशही झालो, लाज कशी ती वाटली नाही!

निघताना हिराबाई ओटीवर होती. म्हणाली, "खडं टाकनाऱ्यांची शेतं वरच्या अंगाला, मास्तर. त्यांच्या दारात पानी येनार हाय का?" हे मतं घेण्याआधी विचारायला हवं होतं. मिठागरं केली तरी तिच्या शेताभोवती लहानसा बांध घालून ते वाचेल का, हेही कुणी विचारलं नव्हतं. मडक्यात दोनच गोष्टी मावत होत्या. मी म्हटलं, येतो. परतीला ओहोटी होती, होडी लवकर पोचली.

जायचंच असेल तर माघात जा, हवा बरी असते. मतं मोजायला जाणार असाल तर आधी बांधावरून एक फेरी मारा. मी तीन वर्षं तिथे राहून मारली नव्हती.

गेल्या महिन्यात तोच तांडेल दारात आला. डोक्यावर मिठाचं मडकं. मिठागरात गेलेल्या हिराबाईच्या शेतातलं पहिलं मीठ. आता ती तिथेच मजुरीला जाते. मी घ्यायला हात पुढे केले तसा तो मागे सरला.

"हातात नाय द्याचं," म्हणाला. "तिनं बजावून सांगितलंय, खाली ठेव. मास्तरांशी माजं भांडन नको."

त्याने मडकं उंबऱ्याशी ठेवलं. ते अजून तिथेच आहे. बायको रोज विचारते, आत का घेत नाही?