पुसून दाखवलेली वेबसाइट

पाळी गावातले आमचे शेजारी पूर्वी खाणीवर ट्रक चालवत. कुठलीही वस्तू घेतली की ते आधी ती सुटी करून पुन्हा जोडतात. खाणीत गेलेल्या डोंगराचे त्यांचे फोटो एका कंपनीच्या वेबसाइटवर होते. कंपनी बंद पडली आणि फोटोही गेले. नातेवाइकांकडून ते पुन्हा जमवून त्यांनी या वेळी साधी, ओपन सोर्स, म्हणजे कुठल्याही सर्व्हरवर हलवता येईल अशी वेबसाइट उभारली.

“कशी बोडकी दिसता ही,” त्यांची बायको म्हणाली.

त्यांनी सगळे पेनड्राइव्हवर उतरवले आणि आमच्यासमोर वेबसाइट पुसून टाकली.

“पिसो झालो ह्यो मनीस,” त्यांना वेड्यात काढत ती मला म्हणाली.

त्याच फायली त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवल्या. चहा निवण्याआधी अख्खा डोंगर स्क्रीनवर उभा होता.

“आता ह्यो डोंगर कोणाक नेऊक जमाचा नाय,” ते म्हणाले.