सेव्हचं बटण

ओतूरचे मोजणीवाले भाऊ बांध मोजताना प्रत्येक आकड्यानंतर कॅल्क्युलेटरवर सेव्ह दाबायचे. कुलूप लावल्यावरही पुन्हा पुन्हा ओढून पाहणारा माणूस. कॅल्क्युलेटरमधला प्रोग्राम त्यांच्या वारलेल्या मुलाने लिहिलेला; तो त्यांना अण्णा म्हणायचा. चालू केला की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत यायचं, 'अण्णा, जेवला का?'

"जेवलो रं," म्हणत भाऊ टेप ताणायचे.

परवा स्क्रीन कोरीच उघडली. दुरुस्तीवाला म्हणाला, "भाऊ, ही मेमरी लिहून लिहून झिजती, आतलं समदं पुसलं गेलं. तुमी लई सेव्ह केलंय."

"जाऊ नये म्हणूनच दाबत व्हतो, राव," भाऊ म्हणाले.

काल ते नवा कॅल्क्युलेटर घेऊन आमचा बांध मोजायला आले. दुपारी आईने सहज विचारलं, "भाऊ, जेवला का?"

भाऊ पाठ फिरवून टेप गुंडाळत राहिले.